गाडी उंच करण्याआधी
अभ्यासपाठ : पाटे, स्टीअरिंग आणि डोंगरवाट



आपल्या काही मंडळ्यांतील तरुणांनी या वर्षी एक सूचना केली आहे. एका कुटुंबाने सेवाकार्यासाठी दिलेली जुनी जीप उंच करावी, तिला मोठी चाके बसवावीत, पुढच्या चाकांची सगळी जोडणी गॅरेजमध्ये नव्याने घडवून घ्यावी आणि पावसाळ्यात ज्या पाड्यांवर कोणतेच वाहन जात नाही तिथवर ती न्यावी, असा त्यांचा विचार आहे. काही जणांनी त्यासाठी पैसेही बाजूला काढून ठेवले आहेत. सातपुड्यातल्या वरच्या पाड्यांवरून आजारी माणसाला आजही बांबूच्या झोळीतून खाली आणावे लागते, हे आपण जाणता. म्हणून या सूचनेचे नुसते कौतुक करून भागणार नाही. तिचा नीट अभ्यास करायला हवा.

मी यंत्रशास्त्र शिकलेलो नाही; माझी पदविका थिऑलॉजीची आहे. पण अनेक वर्षे डोंगरातल्या रस्त्यांवर अशाच गाड्यांतून फिरलो आणि गाडीच्या पोटाखाली शिरणाऱ्या मिस्त्रींच्या शेजारी बसून प्रश्न विचारत राहिलो. त्यातून जे समजले ते इथे मांडतो. पाठाचा मुद्दा एकच आहे : गाडीचे पाटे आणि गाडीचे स्टीअरिंग ही दोन वेगळी कामे नाहीत. एकाला हात लावला की दुसऱ्यालाही लावावा लागतो.

१. गाडी कशावर उभी असते

जुन्या जीपला पुढे आणि मागे एकेक अखंड ॲक्सल असतो. डावे-उजवे चाक एकाच लोखंडी दांड्याच्या दोन टोकांना असते. हा ॲक्सल चासीला पाट्यांनी बांधलेला असतो. पाट्याचे एक टोक चासीला पिनेने पक्के असते, तर दुसरे शॅकलवर झुलते, कारण वजन आले की पाटा सरळ होतो आणि त्याची लांबी वाढते. मध्यभागी यू-बोल्ट पाट्याला ॲक्सलवर आवळून धरतात.

पाट्याचे काम धक्के खाण्यापुरते नसते. ॲक्सल पुढे-मागे सरकू नये, डावी-उजवीकडे जाऊ नये आणि स्वतःभोवती फिरू नये, हेही पाटाच सांभाळतो. चार कामे एका वस्तूवर सोपवलेली आहेत. म्हणूनच ही रचना स्वस्त, दणकट आणि खेड्यातल्या गॅरेजमध्ये दुरुस्त होणारी आहे.

२. उंच करणे सोपे का वाटते

अनेक जुन्या जीपमध्ये पाटे ॲक्सलच्या खालून जातात. तेच पाटे ॲक्सलच्या वर बसवले की ॲक्सलच्या नळीची आणि पाट्यांच्या थराची जाडी मिळून गाडी चार-पाच इंच वर उचलली जाते. नवीन सुटे भाग फार लागत नाहीत. ॲक्सलवर पाट्यासाठी नव्या बैठका वेल्ड केल्या की झाले, असे वाटते. मी एका मिस्त्रींना याबद्दल विचारले. ते म्हणाले, "भाऊ, उंच करायला मला दोन दिवस लागतील. नंतर ती सरळ चालवायला किती दिवस लागतील ते विचारा."

आधी एक गैरसमज दूर करू. पाटे वर घेतल्याने चासी आणि बॉडी वर जाते, पण ॲक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो. वाटेतल्या दगडाला सर्वांत आधी तोच लागतो. त्याची जमिनीपासूनची उंची फक्त चाकाच्या आकाराने वाढते, आणि तीही चाकाचा व्यास जितका वाढला त्याच्या निम्मीच. म्हणजे दिसायला गाडी अर्धा फूट वर गेली तरी दगडाच्या दृष्टीने ती जवळजवळ तेवढीच राहिलेली असू शकते.

उंचीची किंमत मात्र पूर्ण मोजावी लागते. समजा, गाडीच्या दोन चाकांमधले अंतर १२० सेंटिमीटर आहे आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर आहे. अशी गाडी कागदावरच्या हिशोबाने सुमारे ४३ अंशांच्या आडव्या उतारावर उलटते. गुरुत्वमध्य १० सेंटिमीटर वर गेला की हाच आकडा ३९ अंशांच्या खाली येतो. प्रत्यक्षात गाडी पाट्यांवर कलते, मागे माणसे बसलेली असतात, टपावर पोती असतात. त्यामुळे ती त्याच्या बरीच आधी उलटू शकते.

३. स्टीअरिंगचे काय होते

चालकाने चक्र फिरवले की स्टीअरिंग बॉक्सच्या खाली असलेला पिटमन आर्म हलतो. तो ड्रॅग लिंक नावाच्या दांड्याला ढकलतो किंवा ओढतो. तो दांडा एका चाकाचा आर्म हलवतो, आणि टाय रॉड दुसऱ्या चाकाला सोबत वळवतो. आता लक्षात घ्या : स्टीअरिंग बॉक्स चासीवर आहे, पण चाक ॲक्सलवर आहे. चासी आणि ॲक्सल एकमेकांच्या तुलनेत सतत वर-खाली होत असतात. ड्रॅग लिंक या दोघांमधला पूल आहे.

हे घरी करून पाहता येते. साठ सेंटिमीटर लांबीची सरळ काठी घ्या. तिचे एक टोक भिंतीवरच्या खिळ्याला सैल अडकवा. खिळा म्हणजे पिटमन आर्मचे टोक आणि मोकळे टोक म्हणजे चाकाची बाजू. काठी अगदी आडवी धरा आणि मोकळे टोक ५ सेंटिमीटर वर उचला. ते खिळ्याच्या दिशेने जेमतेम २ मिलिमीटर सरकते. आता मोकळे टोक खिळ्यापेक्षा १५ सेंटिमीटर खाली धरून सुरुवात करा आणि पुन्हा तितकेच, ५ सेंटिमीटर, वर उचला. या वेळी ते टोक १ सेंटिमीटरहून थोडे अधिक बाहेर ढकलले जाते.

गाडी उंच केल्यावर नेमके हेच होते. स्टीअरिंग बॉक्स चासीबरोबर वर जातो, ॲक्सल खालीच राहतो आणि आडवा असलेला दांडा तिरका होतो. चाकाचा आर्म १५ सेंटिमीटर लांब असेल तर १ सेंटिमीटरच्या ढकलण्याने चाक जवळजवळ ४ अंश वळते. चालकाने चक्र घट्ट धरलेले असते, तरी दगडावर चढताना गाडी आपोआप एका बाजूला जाते. मोकळ्या मैदानात याने फारसे बिघडत नाही. एका बाजूला दरी असलेल्या घाटवाटेवर, मागे बाळंतपणाच्या कळा येणारी बाई असताना, त्या चार अंशांना फार महत्त्व असते.

आणखीही गोष्टी बिघडतात. नव्या बैठका वेल्ड करताना ॲक्सल थोडा जरी फिरला तरी किंगपिनचा कल बदलतो. मग वळणानंतर चक्र आपोआप सरळ येत नाही. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि त्याचे क्रॉस लवकर झिजतात. पाटे वर गेल्याने मागचा ॲक्सल जोर लावताना स्वतःभोवती फिरू पाहतो आणि पाटा पिळला जातो. ब्रेकचे रबरी पाइप ताणले जातात. यातली शेवटची गोष्ट बऱ्याचदा कोणी पाहतच नाही.

४. ज्यांचे हे रोजचेच काम आहे ते काय करतात

अमेरिकेत अशा गाड्या घडवण्याची मोठी परंपरा आहे. कॅलिफोर्नियातील जॉन्सन व्हॅलीच्या वाळवंटात २००७ पासून 'किंग ऑफ द हॅमर्स' ही शर्यत होते. तिथल्या गाड्यांचा जवळजवळ प्रत्येक भाग कारागिरांनी घडवलेला असतो. आपल्या तरुणांनी मोबाइलवर पाहिलेल्या गाड्या याच जातीच्या आहेत. ते कारागीर उंचीपासून सुरुवात करत नाहीत. चाक पूर्ण वर गेले तर कुठे असेल आणि पूर्ण खाली गेले तर कुठे, हे ते आधी आखतात. मग दांडे ठरतात.

पाट्यांऐवजी स्प्रिंग वापरली तर ॲक्सलला धरून ठेवायला चार दांडे लावतात, किंवा आडवा धरणारा आणखी एक दांडा देतात. तो आडवा दांडा आणि ड्रॅग लिंक शक्य तितक्या सारख्या लांबीचे आणि समांतर ठेवतात, म्हणजे दोघे एकाच वळणाने फिरतात आणि चाक आपोआप वळत नाही. पाटे ठेवायचे असतील तर चाकाचा आर्म वरच्या बाजूला घेऊन ड्रॅग लिंक पुन्हा आडवी करतात. शर्यतीच्या कित्येक गाड्यांत चक्र आणि चाक यांच्यात दांडाच नसतो. तेलाच्या दाबाने चाके वळतात. ती रचना खडकांसाठी ठीक आहे, सार्वजनिक रस्त्यासाठी नाही.

दुसरे उदाहरण आपल्या कामाच्या अधिक जवळचे आहे. आफ्रिकेतल्या खेड्यांसाठी टॉर्क्विल नॉर्मन यांच्या पुढाकाराने 'ऑक्स' नावाचा ट्रक ब्रिटनमध्ये तयार झाला आणि २०१६ मध्ये तो लोकांसमोर आला. फॉर्म्युला वनच्या गाड्या घडवणारे गॉर्डन मरे यांनी त्याची रचना केली. तो १,९०० किलो भार किंवा १३ माणसे नेऊ शकतो आणि सुट्या भागांच्या रूपात पाठवता येतो. विशेष म्हणजे त्याची चारही नव्हे, तर फक्त पुढची चाके इंजिनाच्या जोरावर फिरतात. खराब रस्ता म्हणजे मोठी, उंच, अवजड गाडी असे त्यांनी धरले नाही. काय न्यायचे आणि कुठे न्यायचे, हे आधी ठरवले आणि मग हलकी गाडी आखली.

५. वेल्डिंगची मर्यादा

आपल्याकडचे वेल्डर हुशार आहेत, पण काही भागांना वेल्डिंग चालत नाही. पाटा पाणी देऊन कडक केलेल्या पोलादाचा असतो. ज्योत लागली की तिथला कडकपणा जातो आणि पाटा तिथेच तुटतो. तुटलेला पाटा बदलायचा असतो. स्टीअरिंगचे आर्म घडीव असतात; ते तापवून वाकवणे किंवा जोडणे जिवावर बेतू शकते. दांड्यासाठी पाण्याचा पाइप वापरायचा नसतो, जाड बिनजोड नळी लागते. बोल्टच्या डोक्यावरचा ८.८ किंवा १०.९ हा आकडा त्याची ताकद सांगतो. ज्याच्यावर काहीच आकडा नाही तो बोल्ट इथे नको. नवे यू-बोल्ट थोडे चालवल्यावर पुन्हा आवळावे लागतात.

६. कायदा काय म्हणतो

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांपेक्षा वेगळा बदल मालकाला मनाने करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. म्हणून चासी, पाटे किंवा स्टीअरिंग यांत बदल सुचवला गेला तर पहिली भेट गॅरेजला नव्हे, परिवहन कार्यालयाला द्यावी. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आड येतो. आणि ज्या कुटुंबाचा माणूस आपल्या गाडीत बसतो, त्याला हे कागद वाचायला मिळत नाहीत. त्याच्या वतीने ते आपणच वाचायचे आहेत.

७. मग आपण काय करावे

माझी विनंती अशी आहे. जीप तिच्या मूळ उंचीवरच ठेवावी. बसलेले पाटे काढून योग्य भाराचे नवे घालावेत. बुश, शॅकल, यू-बोल्ट बदलावेत. किंगपिन, टाय रॉड एन्ड आणि स्टीअरिंग बॉक्समधला प्ले काढावा, कारण चाके थरथरण्याचे मूळ बहुधा तिथेच सापडते. ब्रेक नवे करावेत. नोंदणीतल्याच आकाराचे, खोल नक्षीचे टायर घ्यावेत. चारही चाकांचा जोर आणि लो गिअर नीट चालू असेल तर मूळ उंचीची जीप, जाणत्या चालकाच्या हाती, आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच वर जाते.

तरीही काही पाडे उरतील, जिथे ती पोहोचणार नाही. हे लपवू नये. तिथून पुढचा तुकडा झोळीनेच येईल, पण तो तुकडा लहान करता येतो. उरलेल्या देणगीतून दगड बसवून ओढ्याची एखादी उतरण पक्की करता आली तर गाडी तितकीच पुढे जाईल आणि गावाची बैलगाडीसुद्धा.

तरुणांचा उत्साह वाया जाऊ देऊ नये. महिन्यातून एका शनिवारी दोघांनी गाडीखाली जावे, ग्रीस भरावे, प्रत्येक नट हाताने तपासावा, एकाने चक्र हलवावे आणि दुसऱ्याने कोणता जोड हलतो ते पाहावे, आणि जे दिसले ते वहीत लिहावे. या कामाचे फोटो कोणी काढत नाही. पण गाडीत बसलेल्या आजारी माणसाला त्याचाच सर्वांत जास्त आधार असतो.

गटचर्चेसाठी

१. आपण देणगी देताना दिसणाऱ्या वस्तूसाठी देतो की तिच्या देखभालीसाठीही?
२. काठी आणि खिळ्याचा प्रयोग गटात करून पाहा. एक गोष्ट सुधारताना दुसरी बिघडल्याचे आपल्या सेवाकार्यातले उदाहरण सांगता येईल का?
३. आपल्या भागातल्या कोणत्या पाड्यापर्यंत गाडी जाते आणि कुठे थांबते? ती जागा कोणी स्वतः जाऊन पाहिली आहे का?
४. महिन्याच्या तपासणीसाठी आपल्या मंडळीतून कोणती दोन नावे देता येतील? ती पुढच्या बैठकीआधी कळवावीत.