रश ऐकायचंय? मग सुरुवात मधूनच करा!

सेकंड इयरला असताना मी माझ्या रूममेटला रश या बँडचा 'हेमिस्फिअर्स' हा अल्बम ऐकायला दिला. का, तर तो माझा सगळ्यात आवडता! पहिलंच गाणं १८ मिनिटांचं. चौथ्या मिनिटाला तिने इअरफोन काढून ठेवले आणि म्हणाली, "अगं, हा गाणारा बुवा आहे की बाई? आणि हे संपणार कधी?" पुढे जवळजवळ वर्षभर आमच्या रूमवर रश बंद. मी चुकून लावलंच तर मॅडम बादली उचलून कपडे धुवायला निघून जायच्या.

तेव्हा मला वाटलं, हिला टेस्टच नाही. आता वाटतं, चूक शंभर टक्के माझीच होती. ज्याचं बेसिक इलेक्ट्रिकल झालेलं नाही त्याच्या हातात थेट कंट्रोल सिस्टिम्सचं पुस्तक द्यायचं आणि वर म्हणायचं की त्याला इंटरेस्ट नाही, असला प्रकार. म्हणून हा लेख. ज्यांना रश आधीपासून माहीत आहे त्यांनी पान उलटलं तरी चालेल, किंवा वाचून माझ्याशी भांडायला यावं. रशचे फॅन भांडतातच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रश म्हणजे कॅनडातल्या टोरंटोचा तीन जणांचा बँड. सुरुवात १९६८ ची, पहिला अल्बम १९७४ चा, शेवटचा २०१२ चा. एकूण १९ स्टुडिओ अल्बम. गेडी ली बेस वाजवतो, गातो, हाताने कीबोर्ड आणि पायाने बेस पेडल्स सांभाळतो, आणि हे सगळं स्टेजवर एकाच गाण्यात. अ‍ॅलेक्स लाइफसन गिटारवर. ड्रम्सवर नील पीअर्ट, आणि बँडच्या गाण्यांचे शब्दही जवळजवळ सगळे त्याचेच. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे लांबलचक गाणी, आडवेतिडवे ताल आणि प्रेमभंग सोडून जगातले बाकी सगळे विषय, एवढं सध्या पुरे.

आता १९ अल्बम समोर असले की शहाणा मुलगा काय करतो? पहिल्यापासून क्रमाने लावतो. हे करू नका! १९७४ चा पहिला अल्बम चांगला आहे, पण त्यात पीअर्ट नाहीच. तेव्हा ड्रम्सवर जॉन रट्सी होता आणि बँड लेड झेपलिनच्या भक्तीत बुडालेला होता. तो ऐकून तुम्ही म्हणाल, यात विशेष काय? पीअर्ट आला १९७४ च्या जुलैमध्ये, म्हणजे रेकॉर्ड निघाल्यानंतर. दुसरा अल्बम ठीक. तिसरा 'कॅरेस ऑफ स्टील' (१९७५) म्हणजे तर दलदल आहे. त्यात एक गाणं साडेबारा मिनिटांचं, एक २० मिनिटांचं, आणि दोन्ही अर्धवट शिजलेली. क्रमाने जाणारे बहुतेक लोक इथेच गळतात.

दुसरा सोपा मार्ग म्हणजे हिट गाण्यांचं कलेक्शन. त्यात धोका वेगळा. हा बँड दर चार-पाच वर्षांनी कात टाकतो. १९७६ चं गाणं, मग १९८७ चं, मग १९९१ चं असं एकापाठोपाठ ऐकलं की तीन वेगळे बँड ऐकल्यासारखं वाटतं आणि एकाचीही ओळख होत नाही.

म्हणून मधून. आणि मधून म्हणजे नेमकं आठव्या अल्बमपासून: 'मूव्हिंग पिक्चर्स', फेब्रुवारी १९८१. गाणी फक्त ७, वेळ ४० मिनिटं. इथपर्यंत येईस्तोवर त्यांनी २० मिनिटांत जे सांगायचे ते ५ मिनिटांत सांगायला शिकून घेतलं होतं. गेडी लीची ती कानात घुसणारी उंच पट्टी बरीच खाली आलेली. त्यामुळे 'बुवा की बाई' हा प्रश्न फारसा येत नाही.

पहिल्यांदा पहिली चारच गाणी ऐका. 'टॉम सॉयर' चार-चारच्या सरळ चालीत सुरू होतं आणि मधल्या सिंथेसायझरच्या तुकड्यात ७ मात्रांवर जातं. पाय आपटत असाल तर तिथे पाय चुकतो. ७ मात्रा म्हटल्यावर आपल्याला रूपक आठवतो, म्हणजे ही काही परग्रहावरची गोष्ट नाही. 'रेड बार्केटा' मेकॅनिकलवाल्यांसाठी. भविष्यात जुन्या मोटारींवर कायद्याने बंदी आलेली आहे आणि एक मुलगा काकांच्या शेतावर लपवलेली गाडी चोरून पळवतो, अशी गोष्ट. रिचर्ड फॉस्टर नावाच्या लेखकाची कथा १९७३ मध्ये एका अमेरिकन मोटार मासिकात आली होती, त्यावरून पीअर्टला हे सुचलं. चौथं 'लाइमलाइट'. प्रसिद्धी झेपत नाही याबद्दल. पीअर्ट खरोखरच अनोळखी फॅन भेटायला आले की आक्रसून जायचा.

आणि तिसरं 'वायवायझेड'. इथे जरा थांबते, कारण माझी रूममेट परत आली ती या गाण्यामुळे.

ती ई अँड टीसीची. मी तिला गाणं लावलंच नाही. कागदावर मोर्स कोड लिहून दिला: डॅश-डॉट-डॅश-डॅश, पुन्हा तेच, मग डॅश-डॅश-डॉट-डॉट. तिने डीकोड केला, वाय-वाय-झेड. "हे काय?" म्हटलं, टोरंटोच्या विमानतळाचा कोड. सामानाच्या टॅगवर छापतात तो. आता याला वाजवून दाखव. खऱ्या मोर्समध्ये डॅश हा डॉटच्या तिप्पट लांब असतो, रशने तो दुप्पट धरलाय. मग बेरीज करा. वाय म्हणजे २+१+२+२, झाले ७. दुसऱ्या वायचे ७. झेड म्हणजे २+२+१+१, झाले ६. एकूण २०. दोन डॉटची एक मात्रा धरली की १० मात्रांचं आवर्तन तयार! गाण्याची सुरुवात म्हणजे हेच, आधी छोट्याशा झांजेवर, मग तिघं मिळून.

तबला शिकलेल्यांना इथे झपताल आठवेल. तोही १० मात्रांचा, पण २-३-२-३ असा चालतो. आणि हा साडेतीन-साडेतीन-तीन. झपतालाची टाळी देत बसलात तर पहिल्या सात मात्रांत दोघांची कुठेच गाठ पडत नाही. आठव्या मात्रेवर दोघं एकदम भेटतात, शेवटच्या तीन मात्रा बरोबर चालतात, आणि परत फाटाफूट. रात्री साडेअकराला आम्ही दोघी टेबल बडवत होतो, शेजारच्या रूमने दार वाजवेपर्यंत. तिला गाणं आवडलं की गणित, हे मी विचारलं नाही. तिने स्वतःहून पुढचं गाणं लावलं, एवढं मला बास होतं. (रशच्या कॉन्सर्टला मुली नसतात हा जगभरातला जुना जोक आहे, आणि बँड स्वतःही तो करतो. आमच्या हॉस्टेलवर कोणी आलं नाही वाटतं.)

उरलेली तीन गाणी दुसऱ्या दिवशी. त्यातलं 'द कॅमेरा आय' ११ मिनिटांचं आहे, घाई करू नका.

यानंतर एक पाऊल मागे: 'पर्मनंट वेव्हज', जानेवारी १९८०. पहिलं गाणं 'द स्पिरिट ऑफ रेडिओ' पाच मिनिटांच्या आतलं, आणि शेवटाला मधेच रेगे घुसतो. पहिल्यांदा ऐकताना मला हसू आलं होतं. 'फ्रीविल'मध्ये १३ मात्रा मोजायला मिळतात. शेवटचं 'नॅचरल सायन्स' नऊ मिनिटांचं, समुद्रकिनाऱ्यावरच्या छोट्या डबक्यापासून थेट विश्वापर्यंत जाणारं. ही तुमची परीक्षा समजा. या नऊ मिनिटांत घड्याळाकडे लक्ष गेलं नाही तर तुम्ही लांब गाण्यांसाठी तयार आहात. गेलं, तर आठवडाभर थांबा. जबरदस्ती करून काही उपयोग नाही, मी करून बघितलंय.

तयार असाल तर '२११२' (१९७६). याच्यामागची गोष्ट माहीत असेल तर हा जास्त आवडतो. 'कॅरेस ऑफ स्टील' आपटला होता. दौऱ्यात हॉल रिकामे. रेकॉर्ड कंपनीचं म्हणणं, आता तरी रेडिओवर वाजतील अशी छोटी गाणी करा. तिघांनी विचार केला की बँड बुडणारच असेल तर आपल्या पद्धतीने बुडू, आणि अल्बमची अख्खी पहिली बाजू एका २० मिनिटांच्या गाण्याला दिली! गोष्ट अशी: २११२ साली पुजाऱ्यांची सत्ता आहे, संगीतसुद्धा तेच ठरवतात. एका पोराला जुनी गिटार सापडते. तो तारा जुळवतो, स्वतः वाजवायला शिकतो आणि आनंदाने पुजाऱ्यांना दाखवायला नेतो. ते ती मोडून टाकतात. गिटार जुळवतानाचा तो भाग नीट ऐका. लाइफसन आधी बेसूर तारा छेडतो, मग हळूहळू त्या सुरात येतात. मला २० मिनिटांतला हाच तुकडा सर्वात आवडतो. अल्बम चालला आणि बँड वाचला. पीअर्टने तेव्हा अल्बमवर आयन रँडचे आभार मानले होते, त्यावरून लोकांनी त्याला खूप झोडपलं. पुढे तो त्या विचारांपासून बराच लांब गेला. आपल्याकडेही कित्येकांना थर्ड इयरला फाउंटनहेड चढते आणि फायनल इयरला उतरते, तसंच काहीसं.

आता कुठे 'अ फेअरवेल टू किंग्ज' (१९७७) आणि 'हेमिस्फिअर्स' (१९७८). पहिल्यात 'झनाडू' आहे, कोलरिजच्या 'कुब्ला खान' या कवितेवरून. शाळेत आम्हाला ती पाठ करायला लावली होती तेव्हा इतकी भारी वाटली नव्हती. 'हेमिस्फिअर्स' मात्र उलटा लावा. शेवटचं 'ला व्हिला स्ट्रांजियाटो' आधी. साडेनऊ मिनिटं, एकही शब्द नाही, १२ छोटे भाग, लाइफसनच्या विचित्र स्वप्नांवरून केलेलं. हे एका दमात रेकॉर्ड करायचा त्यांचा हट्ट होता. दिवसच्या दिवस घालवले, जमेना, शेवटी तुकडे जोडले. मग 'द ट्रीज'. आणि सर्वात शेवटी ते १८ मिनिटांचं, ज्याने माझं वर्षभराचं नुकसान केलं.

१९८२ नंतरचं पटापट सांगते. 'सिग्नल्स' (१९८२) घ्याच, निदान 'सबडिव्हिजन्स'साठी. सगळ्यांसारखं वागा नाहीतर एकटे पडा, हे उपनगरातल्या शाळकरी मुलांचं दुखणं त्यात आहे. 'ग्रेस अंडर प्रेशर' (१९८४) काळोखा आहे पण दमदार. त्यातलं 'रेड सेक्टर ए' ऐकण्याआधी एवढं माहीत असू द्या की गेडी लीचे आई-वडील नाझी छळछावण्यांतून वाचलेले, आणि या गाण्यामागे त्याच्या आईची सुटकेच्या दिवसाची आठवण आहे. 'पॉवर विंडोज' आणि 'होल्ड युअर फायर'मध्ये कीबोर्ड इतके की लाइफसनला शोधावं लागतं. 'प्रेस्टो' मला पातळ वाटतो. 'रोल द बोन्स'मध्ये चक्क रॅप आहे, तो मी फॉरवर्ड करते. 'काउंटरपार्ट्स' (१९९३) मध्ये गिटार परत येते. 'टेस्ट फॉर एको' नाही ऐकला तरी पदवी मिळेल.

पण 'व्हेपर ट्रेल्स' (२००२) असा पुढे ढकलता येत नाही. १९९७ च्या ऑगस्टमध्ये पीअर्टची एकुलती एक मुलगी कार अपघातात गेली. दहा महिन्यांनी बायको कॅन्सरने गेली. त्याने बँडला सांगितलं, मी रिटायर झालो असं समजा, आणि मोटरसायकल काढून निघून गेला. उत्तर अमेरिकाभर सुमारे ८८,००० किलोमीटर. या प्रवासावर 'घोस्ट रायडर' हे पुस्तक त्याने लिहिलं. बाकी दोघं थांबून राहिले. नवा ड्रमर घेतला नाही, फोन करून घाई केली नाही. शेवटी तो परत आला आणि हा अल्बम झाला. कीबोर्ड शून्य, सुरुवातच ड्रम्सच्या भडिमाराने.

आणि इतका महत्त्वाचा अल्बम रेकॉर्डिंगमध्ये मार खाऊन गेला. त्या काळात सगळ्यांना आपली सीडी दुसऱ्यापेक्षा मोठ्याने वाजायला हवी होती. पण १६ बिटमध्ये पायऱ्या ६५,५३६ च. सिग्नल छतापलीकडे रेटला की त्याचे उंचवटे सपाट कापले जातात, आणि त्या सपाट डोक्यातून मूळ आवाजात नसलेल्या फ्रिक्वेन्सी तयार होतात. यालाच आपण लॅबमध्ये क्लिपिंग म्हणतो. ऑसिलोस्कोपवर पाहायला मजा येते, तासभर ऐकायला नाही. डोकं दुखतं. बँडलाही ते सलत होतं. शेवटी २०१३ मध्ये मूळ ट्रॅक्सवरून डेव्हिड बॉट्रिलने अख्खा अल्बम पुन्हा मिक्स केला. तुम्ही तोच शोधून ऐका. आधीचा ऐकून 'आवडला नाही' म्हणू नका.

शेवटचा 'क्लॉकवर्क एंजल्स' (२०१२) साठीला टेकलेल्या माणसांनी केलाय यावर विश्वास बसत नाही. त्यातलं शेवटचं 'द गार्डन' मात्र बाकी सगळं ऐकून झाल्यावरच लावा. १ ऑगस्ट २०१५ ला लॉस एंजेलिसमध्ये तिघांचा शेवटचा कार्यक्रम झाला. ७ जानेवारी २०२० ला पीअर्ट मेंदूच्या कॅन्सरने गेला. साडेतीन वर्षं आजारी होता आणि जवळच्यांनी कुठे वाच्यता होऊ दिली नव्हती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ली आणि लाइफसन यांनी २०२६ चा दौरा जाहीर केला, ड्रम्सवर जर्मनीची अनिका निलेस. म्हणजे स्टेजवरच मुलगी आली, आता तो जोक बंद करावा लागणार.

माझी रूममेट सध्या 'ग्रेस अंडर प्रेशर'वर आहे. 'हेमिस्फिअर्स' मी तिला अजून परत दिलेला नाही. परवा तिने विचारलं, "ते १८ मिनिटांचं कुठलं होतं गं?" मी म्हटलं, सबमिशन संपू दे.