लंडनचा संगीत-हंगाम : श्रोते कसे घडतात?

शेतकऱ्याचा पेरणीचा व कापणीचा हंगाम जसा ठरलेला असतो, तसाच पाश्चात्य देशांतील मोठ्या वाद्यवृंदांचाही वर्षांतील एक हंगाम ठरलेला असतो. कोणत्या दिवशीं कोणत्या रचना वाजवावयाच्या, संचालक कोण असावयाचा, हें सर्व कांहीं महिने अगोदर छापून प्रसिद्ध होतें. आपल्या मैफलींत गवई त्या वेळच्या स्फूर्तीप्रमाणें राग विस्तारतो. तिकडे रचनाकारानें प्रत्येक वाद्याचे स्वर आधींच लिहून ठेविलेले असतात, आणि ऐंशी-नव्वद वादकांना ते एकजीव होऊन वाजवावे लागतात. म्हणून पूर्वतयारीवांचून असा हंगाम पार पडणें शक्य नाहीं. परंतु ही तयारी केवळ वादकांनींच करावयाची काय? श्रोत्यांनीं कांहींच करावयाचें नाहीं काय? लंडनच्या ‘प्रॉमेनाड’ संगीत-सभांचा इतिहास या प्रश्नाचें मोठें बोधप्रद उत्तर देतो.

इ. स. १८९५ च्या ऑगस्टच्या १० तारखेस लंडनमधील क्वीन्स हॉल या सभागृहांत या सभांचा आरंभ झाला. सभागृहाचे व्यवस्थापक रॉबर्ट न्यूमन यांची ही कल्पना, आणि तिला मूर्त रूप देणारे संचालक हेन्री वुड हे त्या वेळीं अवघे सव्वीस वर्षांचे होते. उत्तम संगीत हें धनिकांचेंच भूषण राहूं नये, ही न्यूमन यांची तळमळ. म्हणून खुर्च्या काढून घेतलेल्या मोकळ्या जागेंत उभें राहून ऐकणारास एका शिलिंगांत प्रवेश मिळे. खाणेंपिणें व धूम्रपान यांसही प्रारंभीं मज्जाव नव्हता.

मात्र स्वस्त तिकीट हा केवळ दरवाजा होता. आंत आलेल्या माणसास पुढें न्यावयाचें कसें? चांगला शिक्षक मुलास पहिल्याच दिवशीं जोडाक्षरें देत नाहीं. न्यूमन व वुड यांनींही प्रथम सोप्या, लोकप्रिय चिजा ठेविल्या, आणि हळूहळू त्यांत गंभीर रचनांची भर घातली. पुढें सोमवारची रात्र वाग्नेरची व शुक्रवारची बेथोवनची, असा परिपाठच पडला. कारकून, दुकानांतील नोकर, विद्यार्थी दिवसभराच्या कामानंतर तेथें येऊन तासन् तास उभे राहूं लागले. ज्यांस कोणी ‘रसिक’ म्हटलें नव्हतें, ते रसिक झाले.

हें कार्य सुखासुखी झालें नाहीं. त्या काळीं वादक तालमीस येई, आणि अधिक वेतन दुसरीकडे मिळालें कीं प्रत्यक्ष सभेस आपल्या जागीं बदली माणूस पाठवी. १९०४ सालीं ही चाल वुड यांच्या वाद्यवृंदांत बंद करण्यांत आली. तेव्हां बरेचसे वादक सोडून गेले व त्यांनीं लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा ही नवी संस्था काढली. वुड डगमगले नाहींत. १९१३ सालीं त्यांनीं आपल्या वाद्यवृंदांत स्त्री-वादकांनाही स्थान दिलें. दुसऱ्या वर्षीं महायुद्ध पेटलें, तेव्हां जर्मन संगीत वर्ज्य करावें अशी ओरड झाली. आरंभीं कांहीं रचना गाळण्यांतही आल्या. परंतु थोड्याच दिवसांत त्या पुन्हा वाजूं लागल्या. कला ही सर्व मानवजातीची ठेव आहे, हें सत्य अशा प्रसंगींच कसाला लागतें.

खरी कसोटी दुसऱ्या महायुद्धांत लागली. १९४० च्या हंगामांत बाँबवर्षावाच्या रात्रीं श्रोत्यांना सभागृहांतच थांबावें लागे, आणि तेथेंच गाणीं-वादन करून वेळ निभावली जाई. १९४१ च्या मे महिन्यांत बाँबमुळें क्वीन्स हॉल जळून खाक झाला. लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचीं वाद्येंही आगींत गेलीं. तेव्हां सामान्य लोकांनीं आपल्या घरचीं वाद्यें आणून दिलीं! अर्धशतकापूर्वीं ज्यांच्यासाठीं शिलिंगाचें तिकीट काढलें, त्यांनीं घेतलेलें ऋण असें फेडलें. त्याच उन्हाळ्यांत या सभा रॉयल आल्बर्ट हॉलमध्यें भरल्या. वुड १९४४ च्या ऑगस्टमध्यें निवर्तले.

आजही दर वर्षीं जुलैपासून सप्टेंबरपर्यंत हा हंगाम तेथें भरतो, आणि शेंकडों श्रोते अल्प दरांत उभे राहून ऐकतात. जळालेल्या सभागृहाच्या अवशेषांतून वुड यांचा जो अर्धपुतळा मिळाला, तो हंगामभर व्यासपीठामागें ठेविला जातो व शेवटच्या रात्रीं त्यास पुष्पपर्णांचा हार घालतात.

हें संगीत आपणांसही अगदींच परकें नाहीं. जगद्विख्यात संचालक झुबिन मेहता यांचा जन्म मुंबईचा. आणि त्याच शहरीं २००६ सालीं सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया या वाद्यवृंदाची स्थापना झाली.

विद्यार्थी मित्रहो, पेरणाऱ्याचा दाखला तुम्हीं शाळेंत ऐकला आहे. बीं तेंच, पण जमिनीप्रमाणें पीक. संगीत कोणत्याही देशाचें असो. ऐकण्यापूर्वीं रचनेची थोडी माहिती करून घ्या, ऐकतांना मौन पाळा, आणि एकदां समजलें नाहीं म्हणून पाठ फिरवूं नका. पालकांसही एक विनंती : मुलास वाद्य घेऊन देणें न साधलें, तरी चांगल्या मैफलीस सोबत नेणें बहुधा साधतें. वादक घडविण्यास गुरु लागतो. श्रोता घडविण्यास घरांतील एक वडील माणूसही पुरतें.