चार आणे वाढवून धर

बाबू, तुझी माय सांगत होती, सावली गावात घरांच्या मधली चिंच काढायचं काम घेतलंस आणि हायड्रा क्रेन ठरवलीस. बरं केलंस. परवानगीचा कागद हातात आल्याशिवाय कापायच्या मशीनला तेल घालू नको. चिंच, मोह, आंबा ही झाडं १९६४च्या वृक्षतोड कायद्यात आहेत, स्वतःच्या अंगणातली असली तरी.

आम्ही झाड पाडायचो. पडणाऱ्या लाकडाला वजन कोण विचारतो? तुझं लाकूड टांगलं जाणार, म्हणून वजन आधी काढायचं. बल्लारशाच्या डेपोतलं माप तुला ठाऊक आहे: गोलाईचा चौथा हिस्सा, त्याला त्यानेच गुणायचं, मग लांबीने. दोन मीटर गोलाई, तीन मीटर लांबी, म्हणजे पाऊण घनमीटर. पण हे विकायचं माप. चिराईतली घट त्यात आधीच सोडलेली असते, आणि हुकाला तर सालीसकट सगळंच उचलायचं असतं. म्हणून त्या मापात रुपयाला चार आणे वाढव. तोच ओंडका खरा ०.९५ घनमीटर भरतो, आणि ओली चिंच घनमीटरला टनाच्या खाली धरायचीच नाही. पाला, डहाळ्या वेगळ्या.

हायड्रावर चौदा टन लिहिलेलं असतं ते बूम आखूड आणि ओझं अगदी जवळ असतानाचं. बूम लांबवला की आकडा झरझर उतरतो. केबिनमधला तक्ता ड्रायव्हरकडून वाचून घे, "होते साहेब" यावर जाऊ नको. कमलापूरच्या कॅम्पातले हत्ती ओंडके ओढायचे, न झेपणारं ओझं आलं की जागचे हलायचे नाहीत. हायड्राला ती अक्कल नाही. बाजूला धानाची बांधी आहे. तिथे चाक रुतलं की गाडी कलंडते.

पट्टा ओंडक्याच्या मध्याच्या वर बांध, नाहीतर सुटताच उलटा होईल. हुक ओळंब्यात, बरोबर ओझ्याच्या माथ्यावर. पट्टा नुसता ताठ होईपर्यंतच ओढायला लाव. माझी पिंढरी बघितली आहेस ना? एका गावी ड्रायव्हरने घाईत जास्त ताण दिला. काप पुरा होताच ओंडका वर उसळला आणि झोक्यासारखा माझ्यावर आला. खोडाला बांधलेला होतो म्हणून खाली गेलो नाही.

तेच तुझ्यासाठी. कंबर खोडालाच बांधायची, कापाच्या खाली, दोन ठिकाणी. मशीनची साखळी एक दोर सहज खाते. स्वतःला हुकाला किंवा कापायच्या तुकड्याला कधीच बांधायचं नाही. ओंडका ज्या बाजूला जाणार, तिच्या उलट बाजूला उभा राहा. चढण्याआधी कुऱ्हाडीच्या पाठीने बुंधा ठोकून बघ. ढब्ब आवाज आला, बुडाशी अळंबी दिसली, तर चढूच नको; पोकळ खोड तुझ्या बांधणीचा काय आधार देणार?

महावितरणचा लाइनमन जवळची विजेची तार बंद करून स्वतः सांगेपर्यंत खालीच थांब. इशारा देणारा माणूस एकच. 'थांब' मात्र कोणीही म्हणो, पोराने म्हटलं तरी थांबायचं.

आदल्या दुपारी शेंड्यात आग्या मोहोळ आहे का ते बघून ठेव. मी सकाळी येतो, इशाऱ्याला मीच उभा राहीन. वाऱ्याने पाला उलटा दिसायला लागला की तुला खाली बोलावणार, अर्धा काप राहिला असला तरी.