मार खाल्ला म्हणजे फिटले काय?

वाचनभाग : नीतिसूत्रे 13:24, लूक 19:1–10, इफिसकरांस 6:4



मुलास मारावे की समजावून सांगावे, असा प्रश्न आपल्या मंडळ्यांतील आईबापे वारंवार विचारतात. मला याचे उत्तर प्रथम नागपुरास इतवारीच्या बाजारात मिळाले. ती हकीकत आधी सांगतो. तीत दोष माझाच आहे.

काही वर्षांपूर्वी मी आपल्या दहा वर्षांच्या मुलास घेऊन इतवारीस किराणा आणावयास गेलो होतो. दुकानी गर्दी फार. गल्ल्यावरील नोकराने उरलेले पैसे परत देताना मुलाच्या हाती पन्नास रुपये अधिक दिले. मुलाच्या ते ध्यानात आले; परंतु त्याने ती नोट मुकाट्याने खिशात घातली. गावी परतल्यावर ती मला सापडली. मी शांतपणे विचारपूस केली नाही. रागाच्या भरात दोन थपडा दिल्या. तो रडला, आणि थोड्या वेळाने डोळे पुसून म्हणाला, “बाबा, मार तर खाल्ला न मी. मग आता पैसे माझेच ना?”

मी निरुत्तर झालो. मुलाच्या हिशेबात चूक नव्हती, कारण तो हिशेब मीच त्यास शिकविला होता. अपराधाची किंमत दोन थपडा. ती त्याने चुकती केली. ज्याचे पैसे गेले, तो मनुष्य या हिशेबात कोठेच नव्हता.

1. शिक्षेची किंमत होते. हे केवळ मुलांच्या बाबतीत घडते असे नाही. इस्राएल देशातील हैफा शहरी दोन अभ्यासकांनी 10 बालवाड्यांची 20 आठवडे पाहणी केली. सायंकाळी मुलांस नेण्यास काही पालक उशिरा येत. म्हणून त्यांपैकी 6 ठिकाणी उशिरा येणाऱ्यास दंड लावला. उशीर कमी होईल अशी कोणाचीही अपेक्षा असेल. परंतु तो वाढला, आणि पुढे दंड काढून टाकल्यावरही पूर्ववत झाला नाही. 2000 साली हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. आपल्यामुळे शिक्षिका ताटकळत बसते, अशी जी टोचणी पूर्वी मनास होती, ती दंड भरताच नाहीशी झाली. माराचेही असेच होते. मार खाणारे मूल मारणाऱ्याच्या हाताकडे पाहते. आपण केलेल्या कृत्याकडे पाहत नाही. पुढे ते हात चुकविण्यास शिकते, आणि हात चुकविण्याचा सोपा मार्ग म्हणजे खोटे बोलणे.

2. छडीविषयीचे वचन. कोणी म्हणेल, नीतिसूत्रे तर छडी न आवरण्यास सांगतात. त्या ग्रंथात मारण्याचा उल्लेख आहे, हे आपण लपवू नये. तथापि छडीसाठी मूळ इब्री भाषेत जो शब्द तेथे आहे, तोच 23व्या स्तोत्रात मेंढपाळाच्या हाती आहे, आणि तेथे तो धीर देणारा आहे. लेवीय 27:32 यात त्याच काठीखालून मेंढरे एकेक मोजून जातात. आपल्या गावचा धनगर काठी कशी वापरतो ते पाहा. तो तिने कळप वळवितो, वाट दाखवितो, लांडग्यास हाकतो. जो मेंढरांस नुसते बडवील, त्याच्यामागे मेंढरे चालणार नाहीत. पौलही बापांस बजावतो की, लेकरांस चिडवू नका, तर शिस्तीत व शिक्षणात वाढवा. शाळांपुरते म्हटले, तर 2009च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. शब्बाथशाळेच्या शिक्षकानेही तोच नियम आपला मानावा.

3. एका आईचे उदाहरण. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ हे पुस्तक लिहिले. त्यातील आई कधीच मारीत नाही असे नाही. पोहण्यास भिऊन लपलेल्या श्यामास ती शिंपटीने मारते. परंतु वाचकाच्या स्मरणात ती शिंपटी राहत नाही. स्नानानंतर पायांस माती लागू नये म्हणून जपणाऱ्या मुलास ती मनही तसेच जपावयास सांगते, ते राहते. श्यामाने पाहुण्याचे पैसे चोरले, तेव्हा तिने त्यास क्षमेच्या प्रार्थनेपर्यंत नेले, ते राहते.

4. मग काय करावे? जक्कयाची गोष्ट पाहा. यरीहोत त्यास कोणी फटके मारले नाहीत. प्रभू त्याच्या घरी उतरला, आणि जक्कय आपण होऊन उभा राहिला व चौपट परत देण्यास तयार झाला. पदरी घेणे व भरून देणे, हीच जबाबदारी होय.

मीही त्या रात्री मुलास जवळ घेऊन सांगितले की, रागाने हात उगारला ही माझी चूक झाली. मग विचारले, “ते पैसे कोणाचे?” तो पुष्कळ वेळ गप्प राहिला. पुढील शनिवारी आम्ही दोघे पुन्हा इतवारीस गेलो. एस.टी.चे भाडे पन्नास रुपयांहून अधिक झाले. नोट मुलानेच पुढे केली, आणि काय घडले तेही त्यानेच सांगितले. तेव्हा कळले की, त्या दिवशी गल्ल्यात तूट आली म्हणून तेवढी रक्कम त्या नोकराच्या मजुरीतून कापली गेली होती. मुलाने एकदा त्या माणसाच्या तोंडाकडे पाहिले व मान खाली घातली. माझ्या दोन थपडांनी त्यास हा मनुष्य दिसला नव्हता.

तेव्हा आईबापांनो, मूल चुकले असता प्रथम आपला राग ओसरू द्या. काय घडले ते त्याच्याच तोंडून ऐका. कोणाचे नुकसान झाले ते त्यास दाखवा. भरपाई त्याच्याच हातून, त्यास झेपेल तेवढी, करवा. आणि त्या वाटेवर आपण बरोबर चाला. मारण्यास क्षणही लागत नाही. या मार्गास अख्खा दिवस लागतो व पदरचे भाडेही लागते. म्हणूनच आपण तो टाळतो.

विचारासाठी प्रश्न

1. आपल्या घरी मुलाने शेवटी खोटे कशाच्या भीतीने सांगितले?
2. आपण स्वतः चुकलो, तर मुलांसमक्ष ते कबूल करतो काय?
3. जक्कयाने भरपाई करण्याचे ठरविले, त्यापूर्वी प्रभूने त्याच्यासाठी काय केले?