मोबाईलवरील पाऊस आणि शाळेच्या अंगणातील पाऊस

(इयत्ता ५ वी ते ७ वी : भूगोल व गणित)

कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत पाळीवर निघालेला कामगार आणि शेजारच्या गावात पेरणीची तयारी करणारा शेतकरी, दोघेही सकाळी मोबाईलवर पावसाचा अंदाज पाहतात. आकडा दोघांना एकच दिसतो. परंतु वळीव वसाहतीच्या एका टोकाला कोसळतो आणि दुसरे टोक कोरडे राहते. असे का व्हावे, हा मुलांचा प्रश्न शिक्षकांनी टाळू नये.

अंदाज करताना संगणक भूप्रदेशाचे चौकोन पाडून प्रत्येकासाठी वारा, तापमान व बाष्प यांचे गणित मांडतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ मे २०२५ मध्ये सुरू झाली. तिच्यातील चौकोनाची बाजू ६ किलोमीटर आहे. पूर्वी ती १२ किलोमीटर होती. तरीही ३६ चौरस किलोमीटर भूमीला एकच आकडा मिळतो.

ही उणीव भरून काढण्यास यंत्रशिक्षणाचे साहाय्य होते. मागील अंदाज आणि त्या ठिकाणी प्रत्यक्ष मोजलेला पाऊस यांच्या असंख्य जोड्या संगणकास दिल्या, म्हणजे अंदाज कोठे व कोणत्या वाऱ्यात चुकतो हे तो शोधतो आणि पुढील अंदाजात दुरुस्ती करतो.

फळ्यावर हे सहज दाखविता येईल. समजा, पाच दिवसांचा अंदाज १०, १२, ८, २० व ५ मिलिमीटर होता. प्रत्यक्षात ७, ८, ६, १५ व ४ मिलिमीटर पाऊस झाला. बेरजा ५५ व ४० येतात. म्हणजे अंदाज दररोज सरासरी ३ मिलिमीटरने अधिक. सहाव्या दिवशी १३ चा अंदाज आल्यास दुरुस्त आकडा १० होईल. यंत्र हेच काम हजारो दिवसांच्या नोंदींवर करते.

उपक्रम : सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली वरून कापून तो भाग नरसाळ्याप्रमाणे उलटा बसवावा. तळात खडे घालून शून्याच्या खुणेपर्यंत पाणी भरावे व बाजूला मोजपट्टी चिकटवावी. झाड व भिंत यांपासून दूर, उघड्यावर ती ठेवावी. हवामान खात्याप्रमाणे सकाळी ८.३० वाजता मागील २४ तासांचा पाऊस नोंदवून पाणी पुन्हा शून्याच्या खुणेवर आणावे. शेजारी आदल्या दिवशीचा अंदाज लिहावा. पाऊस न झाल्यास शून्य लिहावे. शून्य हीदेखील नोंदच होय. चुकलेला दिवस मात्र रिकामाच सोडावा. अंदाजाने भरलेला आकडा मुलांना फसवितो, तसाच यंत्रालाही चुकीचे शिकवितो.

एक सावधगिरी अवश्य सांगावी. यंत्राचे ज्ञान त्याला दिलेल्या नोंदींवर अवलंबून असते. ऑगस्ट २०१९ मधील कोल्हापूरच्या महापुरासारखे प्रसंग नोंदींत विरळच. म्हणून अशा वेळी त्याची दुरुस्ती फसू शकते. हवामान खात्याचा लाल इशारा असता शाळेच्या तक्त्यावरून आकडा कमी करून ओढ्यापलीकडील मुलांविषयी निर्णय घेणे सर्वथा अयोग्य होय. तेथे इशाराच प्रमाण मानावा.

महिनाअखेर मुलांनी सरासरी चूक काढावी व तक्ता वर्गात लावावा. आकड्यावर आंधळा विश्वास नको आणि त्याची थट्टाही नको. तो तपासून पाहण्याची सवय लागली, की पाठाचा हेतू सफल झाला.