आज्ञाधारक यंत्र

मुलांनो, १९६४ साली अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी व थॉमस कुर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी 'बेसिक' ही संगणकाची भाषा सिद्ध केली. नवशिक्यांनाही संगणकाशी बोलता यावे, हा त्यांचा हेतू होता. या भाषेत 'इफ' म्हणजे 'जर' आणि 'देन' म्हणजे 'तर'.

समजा, तीन विषयांच्या गुणांची सरासरी ३५ असली की विद्यार्थी उत्तीर्ण, असा नियम आहे. तुम्ही आज्ञा लिहिली : 'जर सरासरी ३५ पेक्षा मोठी, तर उत्तीर्ण, नाही तर अनुत्तीर्ण.' एका मुलाला एकूण १०५ गुण मिळाले. सरासरी बरोबर ३५; पण संगणक म्हणाला, 'अनुत्तीर्ण!' वर्षभर कष्ट केलेल्या त्या मुलावर केवढा हा अन्याय! दोष मात्र यंत्राचा नव्हे. ३५ ही संख्या ३५ पेक्षा मोठी नाही, एवढेच त्याने पाहिले. 'मोठी किंवा समान' असे चिन्ह घालताच निकाल सुधारतो.

दुसऱ्याचे एकूण गुण १९७. त्याची सरासरी ६५.६६६६७ अशी लांबलचक छापली जाते. बेसिकच्या अनेक प्रकारांत यासाठी 'प्रिंट युजिंग' ही आज्ञा असते. तिच्यापुढे '###.##' हा साचा दिला, की ६५.६७ एवढेच उमटते. डावीकडे दोनच खुणा ठेवल्या, तर १०० ही संख्या साच्यात मावत नाही.

संगणकाला आपले मन कळत नाही, केवळ शब्द कळतात. म्हणून सीमेवरची संख्या घेऊन आपली आज्ञा नेहमी पारखून पाहावी.

स्वाध्याय : एकूण गुण १०४, १०५ व १०६ असता जुनी आणि सुधारलेली आज्ञा कोणता निकाल देईल, ते लिहा.