मोठ्या माहिती-फायलींची जपणूक : प्रत एक, नोंदी अनेक

महसुली दप्तरात फेरफार नोंदवहीचे जे स्थान, तेच संगणकाच्या कामात आवृत्ती-नियंत्रण प्रणालीचे. जुनी नोंद पुसली जात नाही. तिच्यापुढे नवी नोंद होते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली निर्माण केलेली ‘गिट’ ही अशा प्रणालींपैकी सर्वाधिक प्रचलित होय. तिच्यातील भांडाराची नक्कल घेणाऱ्याच्या संगणकावर सामान्यतः त्या भांडाराचा संपूर्ण इतिहासही उतरतो.

मजकुराच्या बाबतीत ही मोठीच सोय आहे. नकाशे व छायाचित्रे यांच्या बाबतीत मात्र तिचेच ओझे होते. गावठाणाचे ड्रोनने टिपलेले छायाचित्र २ गिगाबाइटचे असून ते दहा वेळा सुधारले गेले, असे समजू. अशा फायली फारशा आकसत नाहीत. त्यामुळे इतिहास २० गिगाबाइटच्या घरात जातो. करआकारणी, पाणीपुरवठा, रस्ते अशा पाच कामांच्या भांडारांत तीच फाईल ठेवल्यास १०० गिगाबाइट! फाईल पुढे वगळली, तरी इतिहासात ती राहतेच. जागेच्या अपव्ययाहूनही गंभीर गोष्ट निराळी आहे. दोन भांडारांत दुरुस्ती झाली व तिहींत राहिली, तर एकाच घराच्या दोन हद्दी कागदोपत्री नांदू लागतात.

यावर उपाय म्हणून २०१५ साली ‘गिट एलएफएस’ पुढे आले. यात भांडारात केवळ काही ओळींची निर्देशिका राहते. तिच्यात फाईलचा आकार व ६४ अक्षरांचा ठसा असतो. मूळ फाईल स्वतंत्र साठ्यात असते. फाईलमध्ये किंचित बदल झाला तरी ठसा बदलतो, म्हणून आवृत्तीची ओळख पटते. कामे अनेक असल्यास माहितीचे एकच वेगळे भांडार करून इतरांनी ‘सबमॉड्यूल’द्वारे त्याच्या विवक्षित आवृत्तीचा हवाला द्यावा, हे अधिक श्रेयस्कर.

परंतु निर्देशिका म्हणजे माहिती नव्हे. साठा नष्ट झाल्यास अनुक्रमणिका शाबूत आणि कपाट रिकामे, अशी अवस्था होते. जोई हेस यांच्या ‘गिट-अ‍ॅनेक्स’मध्ये याचा विचार झालेला दिसतो. स्थानिक प्रत काढण्याची आज्ञा दिल्यास इतरत्र ठरावीक संख्येइतक्या प्रती आहेत काय, हे ती आधी तपासते. नसल्यास आज्ञा नाकारते. ही संख्या मुळात केवळ एक असते. ती वाढवून घेण्याचे काम भांडार स्थापन झाल्यावरही केव्हाही करता येते.